जास्तीचा एक

लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी मला बजावलं, "रविवारी दुपारी बाबांना काही काम सांगू नकोस. ते मंडळात जातात." मंडळात जाऊन काय करतात म्हणून विचारलं, तर म्हणाले, "एकमेकांना मोजतात." मला वाटलं, नव्या नवरीची फिरकी घेताहेत. पण भाजी निवडता निवडता सासूबाईंनीही मान हलवली. "मोजतात, चहा पितात, भांडतात आणि घरी येतात," त्या म्हणाल्या. "माझा जन्म गेला, पण याहून जास्त काही कळलं नाही. तुला कळलं तर मलाही सांग."

मला कळलं, पण तोवर त्या राहिल्या नव्हत्या.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, विहिरी खणायचे. माझ्या वेळेपर्यंत खणणं केव्हाच सुटलं होतं आणि ते गावभर हातपंप दुरुस्त करत हिंडायचे, पण सवयी सगळ्या विहिरीच्याच राहिल्या होत्या. बोलणं मोठ्याने, कारण तळातून वर हाक मारायची सवय. पाणी प्यायचं ते ग्लास उजेडाकडे धरून बघितल्यावरच. आणि कुणाच्याही घरी गेले की दारातून आत शिरताच टाच आपटून बघायचे, खाली पोकळ आहे का. माझ्या माहेरी पहिल्यांदा आले तेव्हा आईच्या नव्याकोऱ्या फरशीवर त्यांनी अशी टाच हाणली की आई मला आत ओढून म्हणाली, "व्याही नाचतात की काय गं?" माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्यांना ठाऊक. मी आईचं ते बोलणं मामंजींना सांगितलं. पुढे कित्येक दिवस ते आठवून एकटेच हसायचे. माझं आणि त्यांचं जमलं ते तिथपासून.

त्यांचं बंधुमंडळ एका टायरच्या दुकानावर भरायचं. जिन्यात रबराचा वास, वर एक लांब खोली, भिंतीला लागून बाकं, कोट आणि छत्र्या अडकवायला खुंट्या, आणि दार मात्र असं जाडजूड की आत खजिना असावा असं वाटावं. आत कसला खजिना! सुतार सोडून गावातल्या बहुतेक धंद्यांची माणसं होती. एकमेकांना भाऊ म्हणायची. एखादा आजारी पडला की बाकीचे पाळीपाळीने त्याच्या उशाशी बसायचे, एखादा गेला की त्याला खांदा द्यायला सगळे हजर. हे सगळं मला समजत होतं. न समजण्यासारखी होती ती मोजणी.

बैठक सुरू व्हायच्या आधी सगळे ओळीत उभे राहत, डोळे मिटत आणि प्रत्येक जण पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून आपला आकडा बोलत असे. एक, दोन, तीन, असं करत शेवटच्या माणसापर्यंत. त्या शेवटच्या माणसापुढे खांदा नसायचा. तो आपला हात हवेतच धरायचा, खांद्याच्या उंचीवर. आपला आकडा सांगायचा आणि मग म्हणायचा, "आणि एक." त्यानंतरच डोळे उघडायचे. म्हणजे मंडळात जितकी माणसं, त्याहून दर रविवारी एक जास्त मोजला जायचा. हा जास्तीचा एक कोण, हे कुठे सांगितलेलं नव्हतं. सांगणारे कुणी उरलेही नव्हते, इतकं ते मंडळ जुनं.

यावरून मंडळात दोन तट होते. एक खालचे आणि एक काठचे.

खालच्यांचं म्हणणं, मंडळ मुळात खाणीत काम करणाऱ्यांचं. दिवे विझले, अंधार झाला की एकमेकांना चाचपून मोजायचे, म्हणून हे डोळे मिटणं. एकदा सगळे वर आले आणि एक खाली राहिला. त्याला ते आजतागायत मोजतात. काठचे म्हणायचे, खाणबीण काही नाही, हे होडीवाले होते. रात्रीच्या वादळात काठाला लागल्यावर त्यांनी एकमेकांना मोजलं, तर निघाले होते त्यापेक्षा एक जास्त भरला. वाटेत पाण्यातून कुणाला तरी ओढून घेतलं होतं. तो नवा, त्याचं नावही अजून कुणाला माहीत नव्हतं, म्हणून नुसतं "आणि एक".

पुरावा म्हणाल तर एकच. त्या जाड दारावर कुठल्या तरी काळी एक चिन्ह कोरलेलं होतं. लांब दांडा, खाली रुंद पातं. माणसांचे हात लागून लागून ते इतकं झिजलं होतं की फावडं म्हणा, वल्हं म्हणा, दोन्ही खपून जायचं. एकदा कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक येऊन भिंगातून ते बघून गेले. त्यांनी खोलीच्या तुळया पाहिल्या, जुन्या गावांची माहिती सांगितली आणि शेवटी म्हणाले, की कदाचित दोन्ही गोष्टी मागाहून जुळवलेल्या असतील. दुसऱ्या गावातल्या एखाद्या मंडळाची माणसं इथे आली असतील आणि तिथली रीत घेऊन आली असतील. सुरुवात कशी झाली ते आता कळायला मार्ग नाही. खालचे आणि काठचे यांचं कशावर एकमत झालं असेल तर ते या प्राध्यापकांवर. त्यांना दुसरा कप चहा कुणी विचारला नाही.

काठच्यांचे म्होरके होते शिंपीकाका. आमच्याच गल्लीत त्यांचं दुकान. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि टाचण्या काढल्या की वाद सुरू. मामंजी खालच्यांचे. दोघं दर रविवारी एका छत्रीतून मंडळात जायचे आणि भांडत भांडत त्याच छत्रीतून परत यायचे. मामंजी म्हणायचे, "होडीच्या गप्पा मारतो, पण हा आयुष्यात कधी बादलीपेक्षा खोल पाण्यात उतरलेला नाही." ते खरंच होतं. शिंपीकाकांना पाण्याचं भय. नदीवरच्या पुलावरून जायची वेळ आली तर ते मधोमध चालायचे आणि मागून येणाऱ्या गाड्यांच्या शिव्या खायचे.

आता मी जे सांगणार आहे ते मला एका सकाळी कळलं. मामंजींची नजर तोवर बरीच गेली होती, काचबिंदूने. मी गॅलरीत बसून त्यांच्या पायाची नखं काढत होते. उजेड छान होता आणि मी उगाच त्यांना डिवचायला म्हटलं, "काय हो मामंजी, तुमचा तो जास्तीचा एक, त्याला कधी जेवायला बोलवा की. दर रविवारी नुसताच मोजता त्याला."

ते हसले नाहीत. मला वाटलं, आज आपली जीभ जरा जास्तच चालली.

"तो विहिरीत आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा एक जोडीदार होता. दोघं तळाशी खणत होते, वर रहाटावर गडी. दोराने एका वेळी एकच माणूस वर जाऊ शकायचा. बाजूने वाळू सुटायला लागली. जोडीदाराने मामंजींना धरून टोपल्यात बसवलं आणि म्हणाला, "तू हो वर. मी आलोच." मामंजी काठाशी पोचले आणि खालची कड आत बसली. सगळ्या गावाने उपसायचा प्रयत्न केला, पण जितकी वाळू काढावी तितकी पुन्हा भरायची. शेवटी ती विहीर तशीच बुजवली. त्या माणसाला आगेमागे कुणी नव्हतं.

"तिथे आता काय आहे?" मी विचारलं.

"मैदान. पोरं चेंडू खेळतात." मग म्हणाले, "सूनबाई, मी मंडळात पहिल्यांदा गेलो त्या दिवशी शेवटचा माणूस म्हणाला, आणि एक. मला कुणी काही समजावलं नाही. पण मला वाटलं, यांना कसं कळलं? पुढे दारापाशी बसायची जागा मी मागून घेतली, ते शब्द मला म्हणायला मिळावेत म्हणून. त्याला मोजणारी दुसरी जागा या जगात नाही."

हे त्यांनी सासूबाईंना सांगितलं नव्हतं, मुलाला नाही, मंडळात तर नाहीच. मंडळात तसा दंडकच होता, म्हणणाऱ्याने कुणासाठी म्हटलं हे विचारायचं नाही. मी नखं काढायची विसरून बसले होते. ज्या मोजणीला मी इतकी वर्षं म्हाताऱ्यांचा पोरखेळ समजत होते, त्यात एक माणूस जपून ठेवलेला होता.

आणि मग दाराला वाळवी लागली.

वाळवीला इतिहासाशी काय देणंघेणं! दार खालून पोखरलं गेलं. सुताराला बोलावलं, त्याने बोट लावलं तर बोट आत गेलं. नवं दार करायचं ठरलं आणि सुताराने अगदी साधा प्रश्न विचारला, "वर काय कोरू, फावडं की वल्हं? एकदाच सांगा, लाकूड महाग आहे." मंडळाचे अध्यक्ष, औषधांचे दुकानदार, स्वभावाने शिस्तीचे. ते म्हणाले, होऊनच जाऊ द्या एकदाचा निकाल. मत घेऊ. जे ठरेल ते दारावर कोरू, आणि नव्या येणाऱ्याला "आणि एक"चा तोच अर्थ पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगू, म्हणजे मागाहून वाद नको.

मामंजींची अन्नावरची वासनाच उडाली. मी म्हटलं, "दारावर काही का असेना, तुम्ही मनात म्हणायचं ते म्हणा." ते म्हणाले, "काठचे जिंकले तर दर नव्या माणसाला माझ्या कानाशी सांगतील, की हा पाण्यातून काढलेला. वाचलेला. मग माझा वाचला नाही, तो कुठे जाईल?" मी त्यांचं ताट झाकून ठेवलं.

मताच्या रविवारी मी त्यांना घेऊन गेले. नजर गेल्यापासून मी त्यांना जिन्याशी सोडून खाली टायरवाल्याच्या स्टुलावर बसायचे. त्या दिवशी म्हणाले, "आज आत ये." दारात अध्यक्षांनी अडवलं. बाहेरचं कुणी चालत नाही.

"ती माझी काठी आहे," मामंजी म्हणाले.

"काठी बोलणार नाही ना?"

"बोलेल. पण घरी गेल्यावर."

मला दारालगतच्या बाकावर बसवलं. आधी नेहमीची मोजणी झाली. मी ती पहिल्यांदाच बघत होते. बाहेर भर दुपार, खाली कुणीतरी टायरवर हातोडा मारत होतं, आणि इथे ही टक्कल पडलेली, ढेरपोटी, खोकणारी माणसं डोळे मिटून एकमेकांचे खांदे धरून उभी. आकडा एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकत माझ्याच दिशेने येत होता. शेवटी मामंजी. त्यांचा तो विहिरी खणलेला हात माझ्यापासून वीतभर अंतरावर हवेत धरलेला, आणि त्याखाली कुणीही नाही. "आणि एक," ते म्हणाले. मी शपथेवर सांगते, मी बाकावर थोडी सरकून बसले. जागा द्यावी असंच वाटलं.

मग मत. मंडळात मोजायची दुसरी रीतच नव्हती. काठच्यांनी खिडकीकडच्या भिंतीशी ओळ धरायची, खालच्यांनी समोरच्या भिंतीशी, आणि तसंच मोजायचं. अध्यक्षांनी स्वतः मत द्यायचं नाही, समसमान झालं तरच त्यांचा शब्द.

काठच्यांनी सुरुवात केली. शेवटी शिंपीकाका. "बारा," ते म्हणाले, "आणि एक."

खालच्यांच्या शेवटी मामंजी. "अकरा. आणि एक."

अध्यक्षांनी डोक्यातल्या डोक्यात बेरीज केली आणि त्यांचा चेहरा उतरला. मत देणारे तेवीस आणि मतं पंचवीस. कुणीतरी फिसकन हसलं. आजवरच्या सवयीने दोन्ही बाजूंनी आपापला जास्तीचा एक मतदानाला उभा केला होता.

"अहो भाऊ," अध्यक्ष म्हणाले, "मतं मोजतोय आपण. पुन्हा घ्या. आणि शेवटचं ते म्हणायचं नाही."

पुन्हा ओळी. पुन्हा डोळे मिटले. काठच्यांचे आकडे पुढे पुढे येत शिंपीकाकांशी थांबले. "बारा," ते म्हणाले आणि टाचण्या धरल्यासारखे ओठ घट्ट मिटून राहिले. हात हवेत तसाच.

मग खालचे. मामंजी म्हणाले, "अकरा."

आणि थांबले.

निकाल लागला होता. बारा आणि अकरा. आता फक्त अध्यक्षांनी बोलायचं राहिलं होतं. पण मामंजींचा हात अजून हवेतच होता. ते गप्प होते आणि त्यांचं ते गप्प राहणं सगळ्या खोलीला ऐकू येत होतं. वर्षानुवर्षं त्यांचा आकडा झाला की पुढे ते दोन शब्द यायचे. आज त्यांनी ते गिळले होते आणि हात हळूहळू खाली यायला लागला होता. मला रडू आवरेना. विहिरीतल्या त्या माणसाला कुणी पुन्हा एकदा सोडून देत होतं आणि ते मी एकटीच जाणत होते. मला उठून ओरडावंसं वाटलं, पण काठीने बोलायचं नव्हतं.

समोरच्या भिंतीकडून, मिटल्या डोळ्यांनी, शिंपीकाका म्हणाले, "आणि एक."

स्वतःच्या ओळीसाठी नाही. आमच्या ओळीसाठी. त्यांचं तोंड मामंजींच्या आवाजाच्या दिशेला वळलेलं होतं.

मामंजींचा हात होता तिथे थबकला, आणि परत वर गेला. कुणी डोळे उघडले नाहीत. खालचा हातोडाही नेमका तेव्हाच थांबला, की मलाच ऐकू येईनासा झाला, ते सांगता येत नाही. इतकी वर्षं ज्या शब्दांसाठी मामंजी ज्याच्याशी भांडले, त्यानेच स्वतः जिंकल्यावर ते शब्द उचलून त्यांच्या हातात दिले होते.

शेवटी अध्यक्षांनी निकाल सांगितला. "बारा आणि बारा," ते म्हणाले. कुणी हरकत घेतली नाही. मग त्यांनी जिन्यात ताटकळत बसलेल्या सुताराला हाक मारली आणि सांगितलं, काहीच कोरू नको. जुन्या दारातला तेवढा झिजलेला तुकडा कापून काढ आणि नव्या दारात बसव. सुतार कुरकुरला, वाळवीचं लाकूड नव्याला लावायचं म्हणजे काय. पण त्याने औषध लावून, वाळवून, तो तुकडा नीट बसवून दिला.

परतताना दोघं एका छत्रीत, मी मागे. गल्लीच्या वळणावर मामंजी थांबले आणि त्यांनी शिंपीकाकांना सगळं सांगितलं. जोडीदार, टोपलं, वाळू, "तू हो वर". भर रस्त्यात, नेहमीच्या मोठ्या आवाजात. शिंपीकाका ऐकत राहिले.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "पण तुला गप्प राहिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. सहन झालं नाही."

"आणि तुझा कोण?" मामंजींनी विचारलं. मंडळाच्या दंडकाबाहेरचा प्रश्न होता, पण आम्ही रस्त्यावर होतो.

"मीच," शिंपीकाका म्हणाले. "पूर आला होता. मी तान्हा होतो. एका होडीत मला कुणीतरी पाण्यातून वर उचलून दिलं. होडीतल्यांना देणारे हात दिसले. माणूस दिसला नाही. काठाला लागून मोजलं तर एक जास्त. तो मी. मला वाढवणाऱ्यांनी एवढंच सांगितलं."

मामंजींनी चाचपून शिंपीकाकांचा खांदा शोधला.

"म्हणजे तुझाही एक खालीच राहिला की रे," ते म्हणाले. "तू खालचा."

"आणि तू वर आलास," शिंपीकाका म्हणाले. "तू काठचा."

मी मागे उभी राहून या दोन म्हाताऱ्यांकडे बघत होते. मंडळ खाणीतून निघालं की होडीतून, हे मला आजही माहीत नाही. पण कुठल्या तरी काळी कुणी तरी हे दोनच शब्द नेमून दिले आणि त्यांचा अर्थ सांगायचा मुद्दाम टाळला असेल, तर तो माणूस फार मोठा असला पाहिजे. त्या दिवशी मला त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटले.

त्यानंतर दोघांचे वाद बंद झाले असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. पुढच्याच रविवारी ते फावडं आणि वल्ह्यावरून भांडत परत आले, आणि मला बरं वाटलं.

मामंजी पुढे थंडीत गेले, झोपेत. मंडळाच्या सगळ्यांनी खांदा दिला. दारापाशी बसणाऱ्याकडे मंडळाची दुसरी किल्ली असते, ती आमच्या खुंटीला राहून गेली होती. पुढच्या रविवारी मी ती द्यायला गेले. उशीर झाला होता. दार लागलेलं होतं आणि आत मोजणी चालली होती. मी नव्या दारातल्या त्या झिजलेल्या तुकड्यावर हात टेकून उभी राहिले.

आकडे एकेक करून दाराच्या दिशेने येत होते. शेवटचा आकडा शिंपीकाकांचा. मामंजींच्या जागी आता ते उभे होते.

"आणि एक," ते म्हणाले.

मग जरा थांबून पुन्हा म्हणाले, "आणि एक."

आत कुणी त्यांना चूक दाखवली नाही. मी दार वाजवलं नाही. किल्ली मुठीत धरून तशीच जिना उतरले.